धामणगावच्या रस्त्याने आलेले दान

मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडच्या कपाशीला समुद्राची वाट मोकळी झाली. याच मार्गावर, बडनेरा मागे टाकून वर्धा नदी ओलांडण्याआधी, धामणगाव लागते. यवतमाळपर्यंत रेल्वे पोहोचायला अजून अवकाश होता. त्या काळात यवतमाळचे स्टेशन म्हणजे धामणगावच. तिथून यवतमाळपर्यंत 29 मैलांचा पक्का रस्ता होता आणि हंगामात त्या रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची रांग लागे. बंड्या स्टेशनाकडे येताना भरून येत. परतताना मीठ, कापड, लोखंडी सामान आणि मुंबईहून उतरलेली माणसे घेऊन जात. या माणसांत सरकारी अंमलदार होते, व्यापारी होते, कापूस कंपन्यांचे दलाल होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनरीही होते.

वऱ्हाडातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास सांगताना बहुतेकदा धर्मांतराची चर्चा होते. तिच्याइतकीच महत्त्वाची पण फारशी न सांगितलेली दुसरी गोष्ट आहे ती देण्याघेण्याची. परदेशी लोकांच्या देणगीवर वाढलेली पोरकी मुले पुढे स्वतःच्या मंडळीत दुसऱ्यासाठी धान्याची मूठ बाजूला ठेवू लागली. हा बदल एका पिढीत झाला नाही, सहजही झाला नाही.

अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांची पत्नी फिबी हे तरुण अमेरिकन जोडपे जानेवारी 1881 मध्ये मुंबईत उतरले. अल्बर्ट नॉर्टन नावाचा त्यांचाच एक देशबांधव त्याआधीपासून एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, काम करत होता. वॉर्ड दांपत्याने बऱ्हाणपूर आणि एलिचपूर भागात बस्तान बसवले. ते फ्री मेथडिस्ट पंथाचे होते आणि या पंथाच्या जन्माची हकिगत इथे सांगण्याजोगी आहे. त्या काळी अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये बसायची बाके भाड्याने दिली जात. पैसेवाले कुटुंब पुढचे बाक वर्षभरासाठी घेई आणि गरिबाला मागे, कडेला, जिथे जागा उरेल तिथे बसावे लागे. बेंजामिन टायटस रॉबर्ट्स या पाळकाने याविरुद्ध आवाज उठवला. गुलामगिरीलाही त्याचा कडवा विरोध होता. त्याच्या मूळ मेथडिस्ट चर्चने त्याला 1858 मध्ये बाहेर काढले आणि 1860 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन गावी नवा पंथ उभा राहिला. त्याच्या चर्चमध्ये बाकाला भाडे नव्हते. देवाच्या घरात गरिबाने कुठे बसावे या भांडणातून जन्मलेला पंथ वऱ्हाडात आला, यवतमाळला त्याचे मुख्य केंद्र झाले आणि त्याच्या वाटेवरचे स्टेशन धामणगाव होते.

याच अर्नेस्ट वॉर्डचा मराठी साहित्याशी एक धागा जुळलेला आहे. कवी नारायण वामन टिळक 1893 मध्ये राजनांदगावला निघाले असताना गाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. तो वॉर्ड होता. त्याने टिळकांशी कवितेच्या, धर्माच्या गप्पा मारल्या आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत हातात दिली. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय गुदरले आणि त्या कशा उभ्या राहिल्या, हे त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे.

मग दुष्काळ आले.

1896-97 चा पहिला आणि 1899-1900 चा दुसरा, त्याहून भयंकर. वऱ्हाडची काळी जमीन सुपीक, कापसाने पैसा आणलेला, त्यामुळे हा मुलूख दुष्काळाच्या बाबतीत सुरक्षित मानला जाई. 1899 च्या पावसाळ्याने हा समज मोडून काढला. कपाशी गेली तशी मजुरी गेली, ज्वारी गेली तसे पोट गेले आणि कडबा गेला तशी जनावरे गेली. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याच्या हातात पैसा येण्याची वाटच बंद झाली. रेल्वेने धान्य येत होते. ते विकत घ्यायचे कशाने, हा प्रश्न होता. 1891 च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 28 लाख 97 हजार होती आणि 1901 मध्ये ती 27 लाख 54 हजारांवर आली. एरवी दहा वर्षांत जी वाढ व्हायची तीही या घटीत धरली, तर भूक, पटकी आणि तापाने किती माणसे नेली याचा अंदाज येतो.

सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, तलावांची कामे काढली, गरीबखाने उघडले. पण आईबाप गेलेल्या मुलाला खडी फोडता येत नाही. अशी मुले स्टेशनांच्या आसपास, बाजारात, गरीबखान्यांच्या दाराशी सापडू लागली. त्यांना ठेवून घेणाऱ्यांत मिशन पुढे होती. अकोल्याला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने 1887 पासूनच ठाण मांडले होते. तिचे मुलग्यांचे अनाथालय अकोल्याला होते आणि मुलींचे खामगावला. यवतमाळला फ्री मेथडिस्टांनी मुले सांभाळली. अकोल्यात अनेक वर्षे काम केलेल्या जेनी फुलर यांनी 1900 मध्ये हिंदी स्त्रियांच्या हालअपेष्टांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची.

रमाबाईंचे नाव इथे ओघाने आले असले तरी या विषयात त्यांचे स्थान ओघातले नाही. 1870 च्या दशकातल्या दक्षिणेकडच्या दुष्काळात त्यांनी आईबाप आणि थोरली बहीण गमावली होती. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. 1897 मध्ये त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली, विधवा पुण्याकडे घेऊन आल्या. त्यांचे केडगावचे मुक्ती सदन या मुलींमुळेच वाढले आणि 1900 च्या दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पूर्वी एलिचपूरला असलेल्या नॉर्टनने मुलग्यांसाठी जवळच दौंडला आश्रम काढला. वऱ्हाड, मध्य प्रांत आणि भीमाकाठ यांना जोडणारी ही पोरक्या मुलांची वाट आगगाडीची होती.

एवढ्या तोंडांना खाऊ घालायला पैसा कुठून येत होता? न्यूयॉर्कमध्ये लुई क्लॉप्श नावाचा गृहस्थ ‘ख्रिश्चन हेरल्ड’ हे साप्ताहिक चालवत असे. हिंदुस्थानातल्या दुष्काळाच्या बातम्या आणि छायाचित्रे छापून त्याने वाचकांपुढे हात पसरला. मे 1900 मध्ये ‘क्विटो’ नावाचे जहाज 2 लाख बुशेल, म्हणजे सुमारे 5 हजार टन, मका भरून न्यूयॉर्कहून मुंबईला निघाले. हा मका शेतकऱ्यांनी, गावोगावच्या चर्चनी, रविवारच्या शाळांतल्या मुलांनी दिलेल्या छोट्या रकमांतून आणि धान्यातून जमला होता. एका अनाथ मुलाच्या वर्षाच्या पालनपोषणासाठी 15 डॉलर मागितले जात. त्या वेळच्या दराने ते सुमारे 45 रुपये होतात. कन्सास किंवा आयोवामधल्या एखाद्या गावातल्या बायका मिळून ही रक्कम उभी करत आणि वऱ्हाडातला एक मुलगा वर्षभर जेवे. ज्या मुलखाचे नावही धड उच्चारता येत नाही तिथल्या मुलासाठी पैसे बाजूला काढणे ही साधी गोष्ट नाही. या देणाऱ्यांतले बरेचजण स्वतः कर्जात बुडालेले शेतकरी होते.

या दानावर तेव्हाही आक्षेप होता आणि तो रास्त होता. पोरके, असहाय मूल ज्याच्या घरी जेवते त्याचाच धर्म घेऊन मोठे होते. मुलाला निवड करायची संधी नसते. म्हणून अनाथ मुले शक्यतो त्यांच्याच धर्माच्या लोकांकडे सोपवावीत, नातेवाइकांचा शोध घ्यावा, असा आग्रह धरला गेला आणि सरकारी नियमांतही त्याला जागा मिळाली. लाला लजपत राय यांनी या दोन्ही दुष्काळांत आर्य समाजातर्फे मोठी मोहीम उघडली आणि मध्य प्रांत, राजपुताना या भागांतून अनाथ मुले पंजाबात नेली. फिरोजपूरच्या अनाथालयाचे काम या मोहिमेने वाढले. मिशनच्या कामाला दिलेले हे उत्तर होते आणि त्यातून आणखी अनेक मुलांचे प्राण वाचले. दोन बाजूंची स्पर्धा लागली हे वाईट झाले असे म्हणवत नाही. त्या वर्षांत मुलांना वाचवणारे हात जितके अधिक तितके हवेच होते. पण मिशनच्या भाकरीला एक अट चिकटलेली होती, हे ख्रिस्ती इतिहासकारानेही नाकारू नये.

मुले मोठी झाली. कोणी सुतारकाम शिकले, कोणी विणकाम, कोणी शिक्षक झाले. अकोल्याच्या मुलग्यांची आणि खामगावच्या मुलींची लग्ने लागली. या कुटुंबांना गाव नव्हते, भाऊबंद नव्हते, शेत नव्हते. त्यांना मंडळी होती. वऱ्हाडातल्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या तोंडी ‘मंडळी’ हा शब्द चर्चसाठीही येतो आणि चर्चमधल्या माणसांसाठीही. भावकीने जे करायचे ते इथे मंडळीने करायचे होते. मयत झाली की खांदा द्यायचा, बाळंतिणीला शेक-शेगडी करायची, मुलीच्या लग्नात वाढायला उभे राहायचे. मंडळ्यांमधल्या औदार्याची पहिली शाळा ही होती, आणि ती कुठल्याही प्रवचनाच्या आधीची होती.

मग शिस्त आली. रविवारच्या उपासनेत गीत चालू असताना अर्पणाची थैली किंवा ताट फिरते. त्यात रुपया पडतो तशी चिल्लरही पडते. ही रीत ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, साधारण 150 च्या सुमारास, जस्टिन नावाच्या लेखकाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांच्या रविवारचे वर्णन लिहून ठेवले. ज्याला जमेल आणि ज्याची इच्छा असेल तो देई. जमलेले अध्यक्षाकडे राही आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले कैदी आणि परगावाहून आलेले परके यांची सोय होई. त्याच्याही आधी प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी जी वर्गणी गोळा केली, ती देणाऱ्यांत मासेदोनियातल्या मंडळ्या होत्या आणि त्या स्वतःच कंगाल होत्या. मराठी ख्रिस्ती माणसाला याहून जवळची वाटते ती शुभवर्तमानातली, मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा. ज्याच्याकडे जवळजवळ काही नाही त्याचेही देणे मोजले जाते, ही शिकवण दुष्काळातून वाचलेल्या माणसाला फार खोलवर पोचते. घेणाऱ्याचे मिंधेपण तिच्यामुळे कमी होते.

पैसा हातात नसलेल्या घरात धान्याची मूठ असते. स्वयंपाकाला ज्वारी किंवा तांदूळ काढताना घरच्या बाईने एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची आणि आठवड्याने ते चर्चमध्ये आणायचे, ही पद्धत हिंदुस्थानातल्या अनेक मिशनांच्या मंडळ्यांत होती. मिझोरममध्ये 1910 मध्ये सुरू झालेल्या या प्रथेवर तिथल्या चर्चची आर्थिक घडी उभी राहिली. महाराष्ट्रात मुष्टिफंड केवळ ख्रिस्ती लोकांचा नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेलाही घरोघरच्या मुठींनी आधार दिला. मुठीचे बळ असे की ती रोज द्यावी लागते आणि देणारी बाई असते. घरातल्या पैशावर जिचा हक्क चालत नाही तिचा हक्क धान्याच्या कोठीवर चालतो. मंडळीच्या वहीत नाव नवऱ्याचे लागले तरी गाडगे भरले ते तिने.

आणि मग कापणीचा सण. पिके घरात आली की एका रविवारी चर्चमध्ये ज्वारीची कणसे, कपाशीची बोंडे, तूर, वांगी, भोपळे, कोंबड्या, अंडी, घरी केलेले लाडू असे जे ज्याला जमेल ते आणले जाते. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. पाच रुपयांचा भोपळा पन्नासाला जातो, कधी त्याच्याही वर, कारण घेणाऱ्याला भोपळा नको असतो, बोली वाढवायची असते. कित्येकदा घेणारा तो भोपळा परत लिलावात देतो आणि तोच दुसऱ्यांदा विकला जातो. मुले खिदळत असतात. शेजारच्या गल्लीतले हिंदू, मुसलमान शेजारीही बोली लावायला येतात. जमलेला पैसा पाळकाचा पगार, चर्चची डागडुजी आणि मंडळीतल्या अडलेल्यांची मदत यांसाठी जातो. मंडळीचे पंच हिशेब ठेवतात आणि तो सभेत सर्वांसमोर वाचून दाखवला जातो. माणूस सढळ हाताने देतो याचे मोठे कारण या हिशेबाच्या वाचनात आहे. दिलेला पैसा कुठे गेला हे कळले की पुढच्या वर्षी हात आखडत नाही. चर्चमध्ये भांडणे होतात तीही बहुतेक याच हिशेबावरून, आणि अशी भांडणे व्हावीतच.

वऱ्हाडात ही शिकवण कोऱ्या पाटीवर लिहिली गेली नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना जेवू घातले आणि पुढे गावोगाव धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र फुटके गाडगे घेऊन भाकर मागून खाल्ली. धामणगावात कापसाच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून सेठ फत्तेलाल लाभचंद हायस्कूलसारख्या शाळा उभ्या राहिल्या. देणारे हात इथे होतेच. मंडळ्यांनी त्यात भर घातली ती नेमाची. यात्रेतले अन्नदान वर्षातून एकदा होते, शेठजीची देणगी आयुष्यात एकदा. रविवार मात्र वर्षातून बावन्न वेळा येतो आणि थैली गरिबाच्याही पुढ्यात येते. तिला टाळून पुढे जाता येत नाही. या नेमाला काहीजण जुलूम म्हणतील. पण सवयीशिवाय औदार्य टिकत नाही, असेच या मंडळ्यांचा इतिहास दाखवतो.

दुखण्याच्या बाबतीत मात्र मुठीने भागत नव्हते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. तिथे चर्च ऑफ द नाझरीन या पंथाच्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी 1938 मध्ये रुग्णालय सुरू केले. तेच पुढे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल म्हणून नावारूपाला आले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना झाला. यवतमाळकडच्या उमरीला फ्री मेथडिस्टांचे रुग्णालय होते. या दवाखान्यांच्या इमारती परदेशी पैशाने झाल्या, डॉक्टर बरेचसे परदेशी होते. पण रात्रपाळीला उभ्या राहणाऱ्या नर्सबाईंमध्ये मराठी ख्रिस्ती घरांतल्या मुली फार होत्या. ज्या रोग्याला गावकुसाबाहेर काढले जाई त्याच्या जखमा या मुलींनी धुतल्या. वऱ्हाडातल्या मंडळ्यांनी समाजाला दिलेले सर्वांत मोठे दान रुपयांत मोजायचेच नाही, ते या बायकांच्या कष्टांत मोजायचे.

परदेशी पैशावरचे अवलंबन काही लोकांना आधीपासूनच खुपत होते. कवी टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा स्वतंत्र संघ उभा केला. या मातीतल्या ख्रिस्ती माणसाने या मातीच्या रीतीने, आपल्या पायांवर उभे राहावे, ही त्यांची तळमळ होती. दोन वर्षांत ते गेले. 1930 च्या मंदीत अमेरिकेतून येणारा पैसा आटला, तेव्हा मिशनना हेच धडे नाइलाजाने गिरवावे लागले. स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड मध्य प्रदेशात असताना सरकारने 1954 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. 1956 च्या अहवालात तिने परदेशी पैसा आणि धर्मांतर यांच्या संबंधावर कडक टीका केली आणि धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा अशी शिफारस केली. ख्रिस्ती समाजाला तो अहवाल अन्यायाचा वाटला आणि त्यातले अनेक निष्कर्ष एकांगी होतेही. तरी परदेशी मिशनरी हळूहळू गेले. चर्चची जमीन, शाळा, दवाखाने आणि देणी हे सगळे स्थानिक पंचांच्या अंगावर आले. यवतमाळला 1953 मध्ये निघालेली युनियन बिब्लिकल सेमिनरीसुद्धा 1983 मध्ये पुण्याला गेली. मागे राहिल्या त्या मंडळ्या, त्यांच्या रविवारच्या थैल्या आणि कापणीचे लिलाव.

त्यांच्यावर भार मोठा आहे. मंडळीतली शिकलेली मुले पुणे-मुंबईला गेली. उरलेल्यांत शेतमजूर, छोटे नोकरदार, निवृत्त शिक्षक आणि नर्सबाई अधिक. दवाखाने चालवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण मंडळीतल्या किंवा शेजारच्या घरात शस्त्रक्रिया निघाली, कर्त्या शेतकऱ्याने जीव दिला, मुलाची फी अडली की रविवारी नाव पुकारले जाते आणि पाकीट फिरते. रक्कम लहान असते, पण सोमवारी हातात पडते. विदर्भात सरकारी मदतीला किती फेऱ्या माराव्या लागतात हे ज्याला माहीत आहे त्याला या सोमवारचे मोल कळेल.

यवतमाळ, अकोला, खामगाव, वाशीम, अचलपूर इथल्या जुन्या चर्चच्या कपाटांत अर्पणाच्या आणि गरीब फंडाच्या वह्या पडून आहेत. कोणाच्या नावापुढे दोन आणे, कोणाच्या नावापुढे पायलीभर ज्वारी, कोणाला औषधासाठी तीन रुपये. वाळवी, ओल आणि इमारतींची नवी बांधकामे यांत अशा वह्या दरवर्षी नाहीशा होतात. पाळकसाहेबांनी आणि पंचांनी त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांच्या प्रती काढून अमरावती विद्यापीठाकडे किंवा विदर्भ संशोधन मंडळाकडे ठेवाव्यात. वऱ्हाडातल्या गरिबांनी गरिबांना काय दिले याचा लेखी पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो, आणि त्यांपैकी एक ठिकाण ही कपाटे आहेत.